वाळक्या फांदीचे मोल

बागेतील झाडाची एखादी फांदी वाळली, की माळी ती कापून टाकतो. परंतु जपानमध्ये असेही माळी आहेत, जे वाळलेली फांदी जपून ठेवतात. इतकेच नव्हे, तर कधी कधी ते जिवंत फांदीची साल मुद्दाम काढतात. ते असे का करतात?

विद्यार्थी मित्रांनो, बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत वाढवलेले लहान झाड. ते उंचीने हातभर असले, तरी जुन्या वृक्षासारखे दिसले पाहिजे. जपानच्या डोंगरकड्यांवर जुनिपर नावाची झाडे वाढतात. वारा, बर्फ आणि वीज यांच्या माऱ्याने त्यांच्या फांद्या मोडतात, साल निघते. उघडे पडलेले लाकूड उन्हाने पांढरे होते. पण झाड जगते. हेच रूप माळी कुंडीतल्या झाडाला देतो.

साल काढलेल्या फांदीला जपानी भाषेत 'जिन' म्हणतात. तुम्हांला गोष्टीतला जिन आठवला असेल. पण हा शब्द वेगळा आहे! खोडावरील उघड्या लाकडाला 'शारी' म्हणतात.

साल काढल्यावर झाड मरत नाही का? मुळांनी शोषलेले पाणी सालीखालच्या लाकडातून वर चढते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली येते. म्हणून मुळांपासून पानांपर्यंत सालीचा एक अखंड पट्टा राखावाच लागतो. तो तुटला, तर पन्नास वर्षे सांभाळलेले झाडही मरते.

म्हणून माळी आधी खडूने खुणा करतो, मगच चाकू लावतो. शारी तो एकदम मोठी करत नाही. दरवर्षी थोडी थोडी वाढवतो. फांदीचे टोक तो करवतीने कापत नाही. पकडीने धरून लाकडाचे तंतू ओढतो. त्यामुळे फांदी वाऱ्याने मोडल्यासारखी दिसते. मग तो लाकूड पटाशीने कोरतो व त्यावर चुना आणि गंधक यांचे द्रावण लावतो. ते सुकल्यावर लाकूड पांढरे होते आणि कुजण्यापासून वाचते. मासाहिको किमुरा या जपानी कलावंतांनी या कोरीव कामात विजेची हत्यारे वापरली आणि त्यांचे नाव जगभर झाले.

असे झाड कधी पाहिलेत, तर पांढऱ्या लाकडाशेजारी सालीचा तपकिरी पट्टा शोधा. झाडाचा जीव त्यातच असतो.