ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आणि रेडिएटरचे पाणी



येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर वसमत भागात वाढवलेला ऊस हंगामात ट्रॅक्टरवरून कारखान्याच्या काट्यावर येतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर इंजिन तापून वाटेत बसला, की तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उताराही उतरतो. त्यात इंजिनाचे हेड वाकले, तर कित्येक खेपांची कमाई दुरुस्तीत जाते. हे टाळायला रोज सकाळची दोन मिनिटे पुरतात.

इंजिनातली जादा उष्णता पाणी रेडिएटरमध्ये आणते व पंख्याची हवा ती बाहेर नेते. पुष्कळ ड्रायव्हर म्हणतात, "काटा खाली आहे ना, मग झालं!" परंतु काटा पाण्याची उष्णता दाखवतो. पाणीच उतरले, तर काटा खाली राहून इंजिन मात्र जळत असते. म्हणून इंजिन थंड असताना पाणी डोळ्यांनी पाहावे.

बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये. पातेल्याला बसतो तसा पांढरा थर आत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात घालावे. बहुधा ते निम्मे-निम्मे असते. कूलंटमुळे गंज धरत नाही व पाणी १०० अंशांनाही उकळत नाही. अडचणीत साधे पाणी चालेल, पण पुढे ते काढून टाकावे.

जाळीत अडकलेले पाचट व धूळ रोज झाडावी. फॅन बेल्ट सैल नाही ना, होज पाईप पाझरत नाहीत ना, तेही पाहावे.

वाफ दिसताच ट्रॅक्टर कडेला घ्या, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास तडा जातो. पुरते निवू द्या, मगच पाणी भरा.

गळती न दिसता पाणी रोज कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. अशा वेळी "एवढी खेप टाकून येतो" म्हणू नये. आधी मिस्त्रीला दाखवावे.

मार्च-एप्रिलच्या उन्हात ही काळजी दुप्पट घ्यावी. मालकांनी हे आपल्या ड्रायव्हरला समजावून सांगावे, ही आमची विनंती.