उपडोमेनची तयारी आधी, मेलबॉक्स नंतर

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे डोमेन आहे बीएएमयू डॉट एसी डॉट इन आणि विद्यापीठाचा एक उपपरिसर धाराशिवला आहे. समजा, उद्या त्या उपपरिसरासाठी वेगळे उपडोमेन काढून तिथल्यांचे मेलबॉक्स मुख्य सर्व्हरवर ठेवायचे ठरले. मुख्य डोमेनची मेलव्यवस्था चालू आहे, मग वेगळी तयारी कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण वरच्या डोमेनकडून नाव मिळते, अधिकार मिळत नाहीत. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये स्कीमाचा (निर्देशिकेच्या रचनेचा) विस्तार साऱ्या फॉरेस्टसाठी, म्हणजे सर्व डोमेनच्या समूहासाठी, एकदाच होतो, तरी मेलबॉक्स असणारे वापरकर्ते ज्या चाइल्ड डोमेनमध्ये, म्हणजे अशा उपडोमेनमध्ये, आहेत, तेही तयार करावे लागते. त्या टप्प्यातच मध्यवर्ती सर्व्हरला तिथल्या खात्यांवर काम करण्याची परवानगी मिळते. डीएनएसमध्येही तेच: मुख्य डोमेनच्या एमएक्स (मेल कुठे जावा) आणि एसपीएफ (मेल कोणी पाठवावा) या नोंदी उपडोमेनला आपोआप लागू होत नाहीत.

सर्वांना मुख्य डोमेनचाच पत्ता द्यावा, असे कोणी म्हणेल. त्याने डीएनएसचे काम वाचते, हे खरे; पण खाती चाइल्ड डोमेनमध्येच राहिली तर परवानगीचे काम टळत नाही. म्हणून पहिला मेलबॉक्स उघडण्यापूर्वी डोमेन तयार करा आणि तो बदल सर्व डोमेन कंट्रोलरवर पोहोचल्याची खात्री करून घ्या.