चाळीत टिकलेला कांदा आणि घरचे बियाणे

२९ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या वर्षी लांबलेल्या पावसाने नाशिक जिल्ह्यात वाफ्यांतली रोपे सडली होती. अनेकांवर दुसऱ्यांदा उळे टाकायची वेळ आली आणि बियाण्याचे भाव कडाडले. येवला तालुका पर्जन्यछायेतला. पालखेडचा कालवा जिथवर पोचतो तिथे बरे, पण बाकीच्या गावांना विहिरीत उरलेल्या पाण्याच्या हिशेबानेच उन्हाळ कांदा लावावा लागतो. अशा ठिकाणी बी उगवले नाही तर नुसते बियाण्याचे पैसे जात नाहीत, पाणी आणि हंगामही हातचा जातो. म्हणून घरचे बी धरण्याकडे लोकांचा ओढा असतो. हा ओढा योग्यच आहे, पण त्याची बाजू मांडताना सहसा स्वस्ताईचे कारण दिले जाते आणि ते कारण अपुरे आहे. घरच्या बियाण्याचे खरे बळ त्यामागच्या पारखीत असते. पारख न करता डब्यात भरून ठेवलेले घरचे बी आणि अनोळखी पाकीट, दोन्हींची जोखीम सारखीच.

ही पारख काय असते ते कांद्याइतके स्पष्टपणे दुसरी कुठलीच भाजी दाखवत नाही, कारण कांदा बी द्यायला दोन हंगाम घेतो. पहिल्या हंगामात बियांपासून कांदा होतो आणि दुसऱ्या हंगामात तोच कांदा पुन्हा लावला की त्यातून दांडे फुटून गोंडे येतात. या दुसऱ्या पिकाला नाशिककडे डोंगळे म्हणतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यात निघतो आणि चाळीत जातो. डोंगळे लावायचे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे बियाण्यासाठी निवडायचा कांदा आधी पूर्ण पावसाळा चाळीत काढतो. या काळात जाड मानेचा, जोडकांदा, लवकर कोंब येणारा, सडणारा असा एकेक कांदा आपोआप बाद होतो. शेवटी घट्ट, पातळ मानेचा, एकाच डोळ्याचा कांदा हाती राहतो. चाळ ही सहा महिन्यांची परीक्षाच असते आणि तीत उतरलेल्या कांद्याचे बी धरले की टिकाऊपणाचा गुण पुढच्या पिढीकडे जातो. नाशिकच्या उन्हाळ कांद्याची ख्याती टिकाऊपणाचीच आहे. एन-५३ आणि एन-२-४-१ हे प्रसिद्ध वाणही या भागातल्या स्थानिक कांद्यातून निवड करूनच पुढे आले. संशोधकांनी शास्त्रीय शिस्तीने जे केले, त्याचा कच्चा माल शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी केलेल्या निवडीतून आला होता. हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे.

निवड झाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे परागीभवनासाठी दुसरे फूल आणि मधमाशी दोन्ही लागतात. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असल्याने जवळपास दुसरा फुलोरा असला तर मधमाश्या तिकडे वळतात. अशा वेळी फुलोऱ्यावर कीटकनाशक मारले तर गोंडे वरून भरगच्च दिसतात आणि आत दाणा भरत नाही. शेजारच्या शेतात वेगळ्या जातीचे डोंगळे असतील तर मधमाशी तिथला परागही आणते. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत निदान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर सांगितले आहे, ते याचसाठी. शिवाय चार-पाच कांद्यांवर बी धरले की दोन-तीन पिढ्यांत वाण खुजा आणि अशक्त होतो. निदान शे-दीडशे कांदे तरी लावायला हवेत. ज्याच्याकडे दोन गुंठे जागा आणि हे अंतर नाही, त्याने कांद्याचे बी घरी धरू नये. अशा शेतकऱ्यांनी मिळून गावात एकाच जातीचे डोंगळे लावावेत, हे अधिक शहाणपणाचे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संकरित वाणांचा आहे. संकरित टोमॅटो घरच्या वाणापेक्षा जास्त उत्पन्न देतो, मग जुन्या बियाण्याचा आग्रह कशाला? उत्पन्नाचा मुद्दा पुष्कळ पिकांत खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला जोडून येणारा एक समज चुकीचा आहे. संकरित फळातले बी वांझ असते असे सर्रास सांगितले जाते. ते बी उगवते. अडचण अशी की पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात. एका झाडाला गोल फळ येते, दुसऱ्याला लांबट, तिसरे झाड रोगाला बळी पडते. म्हणून संकरित वाणाचे बी धरायचे नाही आणि सरळ वाणाचे धरायचे, इतका साधा हा नियम आहे. नाशिक भागात कांद्याचे बहुतेक पीक सरळ वाणांचे आहे, म्हणूनच इथे घरचे बी धरण्याची रीत टिकली. कायद्याची भीतीही निराधार आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमाने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे लेबल लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा.

दुसरा आक्षेप उगवणीचा आहे: घरचे बी उगवत नाही. हा अनुभव अनेकांचा असतो, पण दोष बहुधा बियाण्याचा नसून साठवणीचा असतो. बी जिवंत असते, श्वास घेत असते. ओलावा आणि उष्णता वाढली की तो श्वास वाढतो आणि आतली शिदोरी लवकर संपते. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बांधलेला ठोकताळा जगभर वापरला जातो: बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होते आणि साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरवले तरी तसेच. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी. साध्या साठवणीत वर्ष उलटले की त्याची उगवण वेगाने घसरते. त्यात एप्रिलमध्ये निघालेल्या बियाण्याला पेरणीआधी पावसाळ्याचे दमट महिने काढायचे असतात. म्हणून ते सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावे. मेमधल्या दुपारी पत्र्यावर वाळवले तर अंकुरच भाजतो. वाळल्यानंतर मात्र घट्ट झाकणाचे भांडे हवे. अर्धवट वाळलेले बी बंद बरणीत ठेवले की स्वतःच्या ओलीने कुजते. फ्रिजमध्ये ठेवायचे तर हवाबंद भांड्यातच, कारण फ्रिज थंड असला तरी आत दमटपणा असतो. जुन्या बायका वाल, चवळी, घेवड्याचे बी राखेत घोळवून ठेवत, त्यालाही आधार आहे. बारीक राख ओल शोषते आणि भुंग्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडून त्याला सुकवते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासह अनेक गावठी वाणांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाचा गाभाही निवड, वाळवण आणि साठवण हाच आहे.

इतके करूनही बी जिवंत आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. काळेभोर, टपोरे दिसणारे कांद्याचे बी आतून मेलेले असू शकते. त्यासाठी घरच्या घरी होणारी एक चाचणी आहे आणि तिचा आळस करण्याला मला तरी कुठलेही समर्थन सापडत नाही. डब्यातले बी वरखाली करून त्यातले न निवडता १०० दाणे मोजून घ्यावेत. निवडून टपोरे घेतले तर आपणच आपली फसवणूक करतो. ओल्या करून पिळलेल्या सुती फडक्यात ते अंतर ठेवून मांडावेत, फडके गुंडाळून हवा खेळेल अशा पिशवीत ठेवावे आणि सुकू देऊ नये. पाणी थबथबले तर दाणे गुदमरून कुजतात. कांद्याला २० अंशांच्या आसपास गारवा मानवतो. कडक उन्हाळ्यात हीच चाचणी केली तर चांगले बीही नापास होईल, म्हणून गुंडाळी माठाशेजारी ठेवावी. सहाव्या दिवशी एकदा आणि बाराव्या दिवशी शेवटचे मोजावे. मोजताना ज्याला निरोगी मूळ आणि कोंब दोन्ही आहेत तोच दाणा धरावा. नुसता फुगलेला किंवा वाकडा कुजका कोंब आलेला धरू नये. प्रमाणित बियाण्याला किमान उगवण कांदा, टोमॅटो आणि वांग्यासाठी ७० टक्के, भेंडीसाठी ६५ आणि मिरची व दुधीसाठी ६० टक्के लागते. आपले बी याच मापाने तोलावे. ७० टक्के उगवणीचे ४ किलो बी लागत असेल तर ५६ टक्क्यांचे ५ किलो घ्यावे लागेल. पण आकडा ५०च्या खाली गेला तर प्रमाण वाढवून भागत नाही, कारण जे दाणे उगवतात त्यांचाही जोम ओसरलेला असतो.

गच्ची किंवा परसात भाजी करणाऱ्यांनी सुरुवात कांद्याने करू नये. टोमॅटो, चवळी, घेवडा यांचे परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होते, त्यामुळे दोन-चार निरोगी झाडांवरही वाण शुद्ध राहतो. टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत गर उगवण रोखून धरतो. तो दोन दिवस वाटीत आंबू द्यावा, मग बिया धुऊन वाळवाव्यात. मिरची, वांगी, भेंडीत थोडी सरमिसळ होते. दुधी, दोडका, काकडी मात्र शेजाऱ्याच्या वेलाशी सहज मिसळतात. त्यांची मादीकळी उमलण्याआधी बांधून, त्याच जातीच्या नरफुलाने हाताने पराग लावावा लागतो. दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, काकडीची सकाळी, हे लक्षात ठेवले की काम सोपे जाते. रोगट झाडाचे फळ कितीही मोठे असले तरी बियाण्याला ठेवू नये, कारण कित्येक रोग बियांमधून पुढे जातात.

येवल्यात उन्हाळ कांद्याचे उळे पडते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. चाचणीला बारा दिवस लागतात, म्हणून ती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. निकाल वाईट आला तरी गावातल्या दुसऱ्या कुणाकडून पारखलेले बी मिळवायला तेव्हा वेळ हाताशी असतो, आणि ते बीही पुन्हा एकदा फडक्यात टाकून पाहता येते.