पेशीतील कळ आणि औषधाचे मोल

विज्ञानातील शोध प्रयोगशाळेत लागतो. त्याचे मोल मात्र बाजारात आणि न्यायालयात ठरते. साक्री तालुक्यातील शेतमजुराला एखादे औषध परवडते आणि दुसरे परवडत नाही, यामागील कारण पुष्कळदा रसायनात नसून कायद्यात असते. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

शरीरातील प्रत्येक पेशीला बाहेरून निरोप येत असतात. ते आत पोहोचविण्याच्या कामात कायनेज या वर्गातील विकरांचा मोठा वाटा असतो. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढविणे एवढीच त्यांची कृती. पण तेवढ्याने त्या प्रथिनाचे वर्तन पालटते. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. पांझरेकाठची फड पद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील मर्म चटकन उमगेल. पाटात पाणी असणे पुरेसे नसते. पाटकऱ्याने ते वेळेवर सोडले पाहिजे आणि वेळेवर बंदही केले पाहिजे.

पेशीत हे काम रेणूच्या रचनेनेच साधले जाते. कायनेजचे दोन खंड असतात व त्यांच्या मधल्या खाचेत एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बसतो. खाचेपाशी प्रथिनाचीच एक लवचीक पट्टी असते. एबल नावाच्या कायनेजमध्ये विकर बंद असताना ही पट्टी आत दुमडून वाट अडविते. तिच्यावर फॉस्फेट चढला की ती बाहेर वळते आणि विकर कामाला लागते. याच विकराला आणखी एक कडी आहे. रेणूच्या टोकाची मेदाम्लाची शेपटी मोठ्या खंडातील खोबणीत शिरते आणि सारा रेणू आवळून बंद ठेवते.

ही कडी निखळली तर काय होते? 1960 साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना या कर्करोगाच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र आढळले. 9 व 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची ती अदलाबदल असल्याचे जॅनेट राउली यांनी 1973 साली दाखविले. या अदलाबदलीत एबलचे जनुक बीसीआर नावाच्या जनुकाला जोडले जाते. शेपटीचे टोक नाहीसे होते. बीसीआरचा तुकडा असे रेणू एकत्र आणतो आणि ते एकमेकांवर फॉस्फेट चढवितात. कळ कायमची चालू राहते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

इमॅटिनिबला अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळाली. त्याआधीच्या वर्षी मूळचे भारतीय असलेले जॉन कुरियन व त्यांचे सहकारी यांनी या औषधाच्या कार्यामागील रचना उलगडली होती. चालू अवस्थेत कायनेजे एकमेकांसारखीच दिसतात. बंद अवस्थेत मात्र त्यांची ठेवण निरनिराळी असते. इमॅटिनिब बंद एबलला ओळखून त्याच अवस्थेत जखडते. त्यामुळे जीवघेणा मानला जाणारा हा रोग बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत रोजच्या गोळीने आटोक्यात राहू लागला.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. भारतात नोव्हार्टिस कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 1 लाख 20 हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ ते दहा हजार. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नव्हती, केवळ निर्मितीच्या पद्धतीवर होती. जागतिक करारामुळे 2005 साली ही तरतूद बदलावी लागली. मात्र संसदेने कलम 3 (ड) मध्ये एक अट घातली. ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी ठरल्याखेरीज त्यास पेटंट नाही. कंपनीचा अर्ज अशाच एका स्फटिकरूपासाठी होता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यास विरोध केला आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले.

संशोधनाला मोबदला हवा, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. कंपनीने हजारो रुग्णांना औषध मोफत दिले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दान दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. उपचारावरील हक्क तसा असून चालत नाही. शिवाय गुणसूत्राचा शोध आणि रचनेची उकल ही प्रामुख्याने विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील कामगिरी होती. समाजाच्या ज्ञानातून जे उपजले, त्याच्या किमतीविषयी समाजाने बोलूच नये, हे न्याय्य नव्हे.

तथापि हा विजय मर्यादित आहे, हे विसरून चालणार नाही. एबलच्या साखळीतील 315 व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले की इमॅटिनिब निष्प्रभ होते. शेपटीच्या खोबणीतच बसणाऱ्या ॲसिमिनिब या नव्या औषधाला अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळाली. असे रेणू सर्वस्वी नवे असतात. त्यांच्यापुढे कलम 3 (ड) उपयोगी पडत नाही. तेथे सक्तीच्या परवान्याची तरतूद उरते. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी सोराफेनिब या दुसऱ्या कायनेजरोधक औषधासाठी तो दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयानेही 2014 साली तो कायम ठेवला. त्यानंतर हे हत्यार म्यानातच राहिले आहे.

कायदा पुस्तकात असणे आणि तो वापरला जाणे, यांत पाटातले पाणी आणि शेतातले पाणी यांच्याइतकेच अंतर आहे. मक्तेदारीला मुदत आणि मर्यादा दोन्ही हव्यात. त्या घालून देण्याचे काम शासनाचे आहे आणि त्याची आठवण शासनाला करून देण्याचे काम सुशिक्षित नागरिकांचे. विज्ञानाने बेबंद विकराला आवर घालण्याची कळ शोधली. किमतीला आवर घालण्याची कळ तर आपल्याच कायद्यात आहे.