कपाटातला जुना मोबाईल : ठेवायचा कसा, द्यायचा कुठे?

नवा मोबाईल घरात आला की जुना कुठे जातो? बहुतेक घरांत तो कपाटाच्या खणात, लोखंडी पेटीत नाहीतर माळ्यावरच्या पिशवीत जातो. "चालू आहे, टाकायचा कशाला?" असे म्हणून ठेवलेला हा मोबाईल मग वर्ष-दोन वर्षे कोणी हातात घेत नाही. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांचे शिक्षण थांबू नये म्हणून आपल्या कितीतरी आई-बापांनी उसनवारी करून मोबाईल घेतले. त्यांतले पुष्कळसे आज असेच पडून आहेत. एखाद्या दिवशी तो बाहेर काढावा तर पाठीमागचे झाकण उचललेले, काच एका बाजूने वर आलेली आणि आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली! मग घरातले कोणी म्हणते, बोटाने दाबून बसव. कोणी म्हणते, चार्जिंगला लावून बघ. कोणी ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळे होते. या तिन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत, म्हणूनच हा विषय वाचक बंधू-भगिनींपुढे मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

वापरला नाही तरी फुगतो कसा?

"फोन तर बंदच होता, मग बॅटरी बिघडली कशी?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, फोन बंद असला तरी बॅटरी कधीच पुरती बंद नसते. मोबाईलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि २०१९ साली या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा असे दोन पातळ पत्रे असतात. त्यांवर रसायनांचा लेप असतो, मध्ये प्लॅस्टिकचा बारीक पडदा असतो आणि सगळे एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. हे सर्व हवाबंद पाकिटात घातलेले असते.

बॅटरी पूर्ण भरून उष्ण जागी ठेवली, तर आतले द्रव हळूहळू कुजल्यासारखे विघटित होते आणि त्यातून वायू तयार होतो. पाकीट हवाबंद असल्याने वायूला वाट नसते, म्हणून ते फुगते. उलट बॅटरी पार उतरलेली ठेवली, तर ती आपोआप आणखी उतरत जाते. मर्यादेपेक्षा खाली गेली की तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. अशी बॅटरी पुढे चार्जिंगला लावली तर विरघळलेले तांबे नको त्या जागी साठते आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. म्हणजे काठोकाठ भरलेलीही वाईट आणि ठणठणीत रिकामीही वाईट. इथेही मध्यम मार्गच हिताचा!

हा दोष आपल्या गरिबीचा किंवा अडाणीपणाचा नव्हे. २०२२ साली ब्रिटनमधील अरुण मैनी या मोबाईलची परीक्षणे करणाऱ्या प्रसिद्ध तरुणाच्या संग्रहातले, वापरात नसलेले काही सॅमसंग फोन फुगलेले आढळले. त्याने ते जगापुढे आणले आणि त्याची बरीच चर्चा झाली. त्याच उन्हाळ्यात, १९ जुलै २०२२ रोजी, ब्रिटनमध्ये इतिहासात प्रथमच तापमान ४० अंशांच्या वर गेले होते. आमच्या विदर्भात तर पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर त्याहूनही जास्त उष्णता असते. तेव्हा जाणकाराच्या कपाटात जे घडले, ते आपल्या माळ्यावर घडायला वेळ लागणार नाही.

ठेवायचाच असेल तर असा ठेवा

पहिली गोष्ट, फोन चालू आहे तोवर त्यातली ठेव बाहेर काढा. आजीच्या आवाजातली भीमगीते, १४ एप्रिलच्या मिरवणुकीची छायाचित्रे, चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर कुटुंबासह काढलेले फोटो, जातीच्या दाखल्याची प्रत हे सारे त्या फोनमध्येच अडकलेले असते. बॅटरी फुगून काच तडकली तर गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा कुठून आणणार? घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना हे काम सांगा. सगळे नव्या फोनमध्ये, संगणकावर किंवा पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट, बॅटरी अर्धी भरून फोन बंद करा. साध्या फोनवर चारपैकी दोन दांड्या दिसल्या की पुरे. दर सहा महिन्यांनी फोन काढून पाहा आणि पुन्हा अर्धा भरा. अॅपल कंपनीचा आपल्या ग्राहकांना हाच सल्ला आहे, शिवाय जागा कोरडी आणि ३२ अंशांपेक्षा थंड असावी असे ती सांगते. लक्षात राहावे म्हणून १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर हे दोन दिवस ठरवून टाका. बरोबर सहा महिन्यांचे अंतर आहे आणि आपल्यापैकी कोणी हे दिवस विसरणे शक्य नाही.

तिसरी गोष्ट, माळा, चुलीशेजारची फळी, खिडकीतले ऊन आणि कपड्या-कागदांची पेटी या जागा टाळा. ज्या फोनची बॅटरी हाताने निघते, तिची बॅटरी काढून वेगळी ठेवा. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर मात्र ठेवू नका.

फुगली आहे हे ओळखायचे कसे? सुटी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. चांगली बॅटरी लगेच थांबते, फुगलेली भोवऱ्यासारखी गरगरते. बॅटरी आत बसवलेली असेल तर कडेने फट पडली आहे का, काच किंवा पाठ उचलली आहे का, ते पाहा.

फुगलेली बॅटरी सापडली तर

ती दाबू नका, टोचू नका, उघडू नका आणि चार्जिंगला मुळीच लावू नका. भोक पाडून वायू काढण्याचा उद्योग तर कधीच करू नये. आतले द्रव पेट घेते आणि त्याचा धूर विषारी असतो. बॅटरी आत चिकटवलेली असेल तर ती घरी उचकटू नका, फोन तसाच दुरुस्तीच्या जाणकाराकडे न्या. नेईपर्यंत पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका आणि डबा मुलांपासून व जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा. धूर येऊ लागला तर सर्वांना बाहेर काढा आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवा.

तो कचरा कोणाच्या हातात जातो?

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण डब्यात टाकलेली बॅटरी नाहीशी होत नाही. ती घंटागाडीत जाते, तिथून दाबयंत्राच्या गाडीत चेपली जाते किंवा कचरा वेगळा करणाऱ्या भगिनीच्या हाती लागते. चेपलेली बॅटरी पेटते. कचऱ्याच्या गाड्यांना आणि ढिगांना आगी लागण्याचे हे एक कारण आहे.

त्या गाडीवरचा कामगार कोण? ती कचरा वेचणारी भगिनी कोण? पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत मोठा भरणा दलित समाजातल्या स्त्रियांचा आहे. शहरोशहरी हेच चित्र आहे. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले, ते कामगाराच्या जिवाला मोल आहे हे सरकारला मानायला लावण्यासाठी. त्यांची जयंती थाटात करायची आणि आपल्याच माणसाच्या हातात पेटणारी वस्तू द्यायची, हे आपल्याला शोभणारे नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ साली आले आणि नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची आणि विल्हेवाटीची जबाबदारी या नियमांनी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात जाऊन "हे घ्या" असे ठणकावून सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

विहारांच्या कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. वर्षातून एखाद्या पौर्णिमेला, वंदनेनंतर, वस्तीतले जुने मोबाईल गोळा करावेत. सुस्थितीतले फोन आतली खासगी माहिती पुसून गरजू विद्यार्थ्यांना द्यावेत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला फोन नाही अशी मुले आजही आहेत, आणि पडून असलेली वस्तू कामाला लागणे हेही दानच आहे. बिघडलेले फोन त्याच दिवशी अधिकृत केंद्रात पोचवावेत. विहारात रात्रभर साठवून ठेवू नयेत.

तथागतांनी अप्पमादाला, म्हणजे सावधानतेला, फार मोठे स्थान दिले आहे. ती केवळ वंदनेच्या वेळी आठवायची गोष्ट नाही. कपाटाचा खण आणि कचऱ्याचा डबाही तिच्या कक्षेत येतात. येत्या रविवारी प्रत्येक उपासक-उपासिकेने आपले कपाट एकदा उघडून पाहावे, एवढीच नम्र विनंती.

जय भीम!