बीटल्सच्या तिजोरीतली गाणी

बीटल्स १९७० मध्ये फुटले, पण त्यांच्या न ऐकलेल्या टेप्स पुढे कित्येक वर्षं कपाटातच होत्या. १९९५-९६ मध्ये ‘अँथॉलॉजी’चे तीन संच आले आणि तो खजिना खुला झाला.

काय आहे त्यात?

🎵 १९५८ मधलं लिव्हरपूलचं रेकॉर्डिंग. तेव्हा त्यांचं नाव होतं ‘क्वॉरीमेन’. याची एकच तबकडी होती! जुन्या साथीदाराकडे पडून असलेली ती पॉल मॅकार्टनीने १९८१ मध्ये विकत घेतली.

🎵 १ जानेवारी १९६२ची डेक्का कंपनीतली ऑडिशन. कंपनीने नकार दिला होता! १५ पैकी ५ गाणी इथे ऐकायला मिळतात.

🎵 ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवर बाकी तिघांनी आपला आवाज आणि वाद्यं चढवली.

त्याच वेळी हाती घेतलेलं ‘नाऊ अँड देन’ मात्र अर्धवट राहिलं. कॅसेटमध्ये खरखर होती, पियानोत आवाज बुडत होता. पुढे मशीन लर्निंगने लेननचा आवाज वेगळा काढला आणि २०२३ मध्ये गाणं आलं.

सुरुवात दुसऱ्या संचातल्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या कच्च्या टेक्सपासून करा. गाणं कसं घडत जातं, ते चक्क कानांना कळतं!