महाविद्यालयीन बास्केटबॉल संघातील नवागत आणि अनुभवी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल संघात नवागत व अनुभवी खेळाडूंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न २००६ सालापासून विशेष तीव्र झाला. शालेय शिक्षणानंतर निदान एक वर्ष लोटल्याखेरीज अमेरिकन खेळाडूस व्यावसायिक निवडीस पात्र मानावयाचे नाही, हा एनबीएचा नियम त्या वर्षीच्या निवडीपासून लागू झाला. साहजिकच कित्येक गुणी तरुण महाविद्यालयात एकच वर्ष काढू लागले.

केंटकी विद्यापीठाचे दोन अंतिम सामने या दृष्टीने बोधप्रद आहेत. २०१२ साली त्याने कॅन्ससवर ६७–५९ असा विजय मिळविला. प्रथम वर्षाच्या अँथनी डेव्हिसने १६ रिबाउंड घेतले. परंतु त्याच्या दहा फेकींपैकी एकच सफल झाली. ती उणीव द्वितीय वर्षाच्या डोरॉन लॅम्बने २२ गुणांनी भरून काढली. २०१४ साली प्रारंभीचे पाचही खेळाडू प्रथम वर्षाचे होते. संघाने २४ पैकी ११ मुक्त फेकी दवडल्या आणि कनेक्टिकटकडून ६०–५४ अशी हार पत्करली. विजेत्यांचा अग्रणी शबाझ नेपियर चतुर्थ वर्षाचा होता.

तथापि, वय म्हणजेच सामर्थ्य, असा सिद्धान्त यावरून काढणे युक्त नव्हे. २०१५ साली ड्यूकने विस्कॉन्सिनला ६८–६३ असे नमविले, तेव्हा ६० गुण प्रथम वर्षाच्या चौघांचे होते. चतुर्थ वर्षाच्या क्विन कुकने मात्र त्या हंगामात खेळाची सूत्रे नवागत टायस जोन्सच्या हाती जाऊ दिली होती. तात्पर्य, अनुभवी खेळाडूचे नेतृत्व केवळ गुणसंख्येने मोजता येत नाही. उणीव भरून काढणे आणि प्रसंगी स्वतःची जागा सोडणे, ही त्याची दोन अंगे होत.